मावळ्याचं पागोटं पक्कं कसं करावं?

(गणेशोत्सवात, दिवाळीच्या किल्ल्यांची तयारी या विषयावर मंडळाच्या किल्ला-गटातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात किल्ल्याचा विषय कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्याकडं गणपती पोचवून आले की पोरांचं लक्ष किल्ल्याकडंच लागतं. दगड-माती गोळा करायला दिवाळीच्या आधीचा आठवडा पुरतो. चित्रांना मात्र वेळ लागतो. म्हणून हे बोलणं आत्ताच.

बेळगावात किल्ला म्हणजे नुसता अंगणातला खेळ नाही, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठंही जा, गल्लीतली तरुण पोरं रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्गाच्या मोठमोठ्या प्रतिकृती उभ्या करतात आणि दिवाळीत ते किल्ले बघायला घरच्या घरं बाहेर पडतात. निपाणीकडंही अंगणातले किल्ले अजून होतात. किल्ला आपल्या हातचा असतो. पण त्यावर उभी राहणारी माणसं? पूर्वी ती कुंभाराकडून यायची. आता बाजारातून प्लॅस्टिकच्या सैनिकांची पिशवी येते. हिरवा रंग, डोक्यावर लोखंडी टोप, हातात आजकालची रायफल. मावळ्यांकडंही तोड्याच्या बंदुका होत्या, पण ही ती नव्हे! मग पोरं काय करतात, टोपावर पागोटं चढवतात, रायफलीचा भाला करतात, पाठीला ढाल लावतात. हे आम्हाला फार आवडतं. विकतचं खेळणं आपलं करून घेण्याचा हा उद्योग आहे. प्रश्न एवढाच, की हे पागोटं पक्कं कसं करायचं? कारण बऱ्याच किल्ल्यांवर तिसऱ्या दिवशी मावळे बोडके झालेले दिसतात.

हल्ली मुलांच्या हातात पॉलिमर क्ले नावाची रंगीत माती आली आहे. नावात क्ले असलं तरी ती माती नाही. ते पीव्हीसी प्लॅस्टिकचं बारीक पीठ, आणि ते मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य. तिचा इतिहासही खेळण्यांशीच जोडलेला आहे. जर्मनीत केथे क्रूज या बाहुल्या करणाऱ्या प्रसिद्ध बाई होऊन गेल्या. त्यांच्या मुलीनं असल्या मातीचा धंदा सुरू केला आणि 1964 साली तो एबरहार्ड फाबर कंपनीला विकला. तीच पुढं फिमो या नावानं जगभर गेली.

आपली माती कशी पक्की होते ते आपल्याला माहीत आहे. आपल्या खानापुरात केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था आहे. कुंभार माती भाजतो ती आठशे-नऊशे अंशांवर, तेव्हा तिचा जातधर्मच बदलतो आणि ती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. शाडू नुसता वाळतो, म्हणून विसर्जनात विरघळतो. पॉलिमर क्लेचं तिसरंच. ती वाळत नाही. महिनाभर उन्हात ठेवली तरी कच्चीच. तिला साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअसची उष्णता, जाडीप्रमाणं पंधरा मिनिटं ते अर्धा तास, सारखी मिळाली, की पिठाचे कण एकमेकांत मुरतात आणि सगळं एकजीव होतं.

आता अडचण बघा. माती पक्की व्हायला 110 ते 130 अंश हवेत. पण ती ज्याच्या डोक्यावर बसली आहे तो सैनिक कशाचा? कडक पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास लवायला लागतं. पॉलिस्टायरीन आणि एबीएस ही कडक खेळण्यांची प्लॅस्टिकं शंभराच्या आसपास. मेणचट, लवचिक सैनिक बहुतेक पॉलिथीनचे असतात. त्यातलं मऊ पॉलिथीन 110च्या सुमारास वितळतं, कडक 130च्या सुमारास. म्हणजे पागोटं भाजून तयार होईपर्यंत मावळा आडवा झालेला असतो! फक्त पॉलिप्रॉपिलीन 160पर्यंत वितळत नाही, पण त्याच्या आधीच मऊ पडून वाकतं.

यावर लोक पळवाटा काढतात. कुणी म्हणतं उकळत्या पाण्यात धरा. पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. माती अर्धीकच्ची राहते आणि खेळणं मात्र वाकडं होतं. कुणी केस वाळवायचं यंत्र धरतं, त्यानं वरची कड तापते आणि पोट कच्चं राहतं. मेणबत्ती नि लायटर तर नकोच. आणि कच्ची माती तशीच चिकटवून ठेवून द्यावी म्हटलं, तर तिच्यातलं ते तेलकट द्रव्य हळूहळू कडक प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि पृष्ठभाग चिकट, खडबडीत करून टाकतं.

म्हणून आमच्या गटाचा पहिला नियम असा, की काय लावायचं हे ठरवण्याआधी कशावर लावायचं ते बघा.

ते ओळखायची सोपी रीत आहे. खेळण्याच्या तळाला त्रिकोणात आकडा असेल तर 2 आणि 4 म्हणजे पॉलिथीन, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, 3 पीव्हीसी, 6 पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर सैनिक पाण्याच्या बादलीत टाका. भरीव सैनिक तरंगला तर तो पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा. बुडाला तर पॉलिस्टायरीन, एबीएस किंवा पीव्हीसीचा. पोकळ खेळण्याला मात्र ही परीक्षा लागू नाही.

आता तीन वाटा सांगतो.

पहिली वाट, पागोटं वेगळं भाजायची. मावळ्याच्या डोक्याला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पातळ फॉइल घट्ट लपेटा. त्यावर पॉलिमर क्लेचं पागोटं घडवा. मग फॉइलसकट ते अलगद उतरवा आणि तेवढंच भट्टीत भाजा. फॉइलला त्या उष्णतेनं काही होत नाही. निवल्यावर फॉइल काढा, आतली बाजू आणि मावळ्याचं डोकं पॉलिश पेपरनं खरखरीत करा, आणि दोन ट्यूबा मिसळून करायच्या इपॉक्सी गोंदानं चिकटवा. डोक्याचा आकार पागोट्याच्या आत आपोआप उठलेला असतो, त्यामुळं ते नेमकं बसतं.

दुसरी वाट, भाजायचं नावच नको. एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी पाकिटावर दिलेल्या प्रमाणात एकरंग होईपर्यंत मळायची आणि थेट मावळ्यावर लावायची. ती उष्णतेनं नव्हे, दोन भागांच्या रासायनिक क्रियेनं घट्ट होते. हाताशी वेळ थोडाच असतो, म्हणून एका वेळी लिंबाएवढीसुद्धा मळू नये, बोराएवढी पुरे. पूर्ण ताकद यायला एक दिवस द्या, थंडीत जरा जास्तच. कडक प्लॅस्टिकवर ही उत्तम धरते.

तिसरी वाट त्या तरंगणाऱ्या, मेणचट सैनिकांसाठी. त्यांच्यावर ना फेविक्विक नीट धरत, ना पुट्टी, ना रंग. तिथं चिकटपणावर विसंबायचं नाही, पकड द्यायची. डोक्याला दाभणानं भोक पाडून बारीक तार ओवा, किंवा खरखरीत दोरा आवळून गुंडाळा, आणि पुट्टी त्या तारेच्या, दोऱ्याच्या भोवती बसवा. मग ती सुटणार कुठं? दहा दिवसांच्या किल्ल्यापुरतंच हवं असेल तर पुट्टीऐवजी कागदाचा लगदा मिसळलेला शाडू वापरा. नुसता शाडू वाळताना आकसतो, आतलं प्लॅस्टिक आकसत नाही, म्हणून त्याला भेगा पडतात. लगद्यानं त्या कमी होतात.

ही अक्कल काही नवी नाही. कोप्पळकडच्या किन्हाळच्या चित्रगारांची लाकडी खेळणी आणि देवांच्या मूर्ती बघा. लाकडाच्या तुकड्यांचे सांधे ते लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ घालून केलेल्या लगद्यानं बुजवतात आणि वरचे दागिने दगडाच्या पिठात डिंक कालवून उठवतात. लाकूड, भुसा, खळ, सगळं एकमेकांना मानवणारं. म्हणून ते टिकतं.

आता पालकांसाठी चार शब्द. भाजायचं काम मोठ्यांनी करावं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पाकिटावरच्या अंशांच्या वर जाऊ नये. पॉलिमर क्ले करपली तर पीव्हीसीतून झोंबणारा आम्लाचा वायू सुटतो. भट्टीचा काटा नेहमी खरं बोलतोच असं नाही, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. त्या भट्टीत त्याच वेळी नानकटाई भाजू नये, आणि मातीची भांडी-हत्यारं स्वयंपाकाची वेगळी ठेवावीत. कच्ची इपॉक्सी पुट्टी हातमोजे घालूनच मळावी, काहींच्या कातडीला तिनं खाज आणि पुरळ येतं. घासायची झाली तर पाणी लावून घासावी, धूळ नाकात जाऊ देऊ नये. आणि घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर हे सुटे दागदागिने त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पॉलिमर क्ले आणि पुट्टी एकदा घट्ट झाली की पाण्यात विरत नाही, मातीत कुजत नाही. म्हणून गणपतीच्या मूर्तीला ती कधी लावू नका. मुकुटाचा टवका उडाला तर शाडूनंच दुरुस्त करा. कपिलेश्वराच्या तळ्यात जे सोडायचं ते विरघळणारंच असावं.

किल्ल्याचंही तसंच. दिवाळी सरली की दगड कडेला लागतात, माती परसात जाते. प्लॅस्टिकचा सैनिक मात्र गटारीत जातो, आणि पुढच्या वर्षी नवी पिशवी येते. पक्कं पागोटं बसलेला मावळा कुणी टाकत नाही. तो एका पोराच्या हातचा असतो. आमच्या गल्लीतल्या पत्र्याच्या पेटीत असे मावळे ठेवलेले आहेत, त्यांच्या तळाला करणाऱ्याचं नाव आणि साल लिहिलेलं आहे. त्यातली काही पोरं आता पुण्यात, बेंगळूरला नोकरीला आहेत. दिवाळीला आली की आधी पेटी उघडतात.

आमची विनंती एवढीच, की या वर्षी प्रत्येक गल्लीनं अशी एक पेटी करावी. किल्ला दरवर्षी नवा व्हावा, माणसं मात्र जुनी, आपली, नावानिशी असावीत. उद्या सकाळी दहा वाजता मांडवातच मुलांनी आपापले सैनिक आणि पाण्याची एक बादली घेऊन यावं. कोण तरंगतो, कोण बुडतो, तिथूनच सुरुवात करू.

गणपती बाप्पा मोरया!