ड्रायव्हर कुलपात, डोंगल कपाटात
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



आम्ही सरकारी नोकर, शिक्षण डिप्लोमापुरते. दिवसभर कचेरीत कन्नड फाइली, संध्याकाळी इथे निपाणीत मंडळाच्या अभ्यासिकेतल्या जुन्या संगणकांची उस्तवार. तिथलाच प्रसंग सांगतो.

त्या संगणकांवर आम्ही लिनक्स टाकले. बेळगावहून दोन वाय-फाय डोंगल आणले. एक जुनाट, लावताच चालले. दुसरे नवे, स्वस्त, सोबत ड्रायव्हरची सीडी. तेही चालले, आम्ही खूश. पुढे लिनक्सचे अपडेट घेतले आणि नवे डोंगल गप्प. नेमके भरतीचे अर्ज भरायचे शेवटचे दोन दिवस! पोरे एकाच संगणकापुढे रांगेत. चूक आमचीच, घेताना किंमत तेवढी पाहिली.

ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, यांच्यातला दुभाषी. (दुभाष्याचे महत्त्व सीमाभागात कोणी कोणाला सांगायचे!) कर्नेलची आतली बोली आवृत्तीगणिक थोडी बदलते. ज्या ड्रायव्हरचा सोर्स कोड कर्नेलमध्येच आहे, तो बोली बदलणाराच दुरुस्त करून ठेवतो. सीडीतली तयार फाइल मात्र जुन्या आवृत्तीलाच चिकटून राहते आणि सुधारायला कोड हाती नसतो.

इथे लायसन्स येते. लिनक्स 1992 पासून जीपीएलखाली आहे: वापरा, बदला, वाटा, पण वाटताना कोडही द्या. प्रत्येक मॉड्यूल आपले लायसन्स आत लिहून आणते. ते बंदिस्त असेल तर कर्नेलवर ‘टेंटेड’ असा शिक्का बसतो. आपल्या भाषेत कर्नेल ओवळे झाले. कर्नेलमधली काही फंक्शने तर फक्त जीपीएलवाल्या मॉड्यूललाच मिळतात. ओवळ्या कर्नेलची तक्रार नेली, तर कर्नेल घडवणारे म्हणतात, आधी ते मॉड्यूल काढून या. एरवी आम्ही सोवळे पाळत नाही, पण हे पटते. न दिसणाऱ्या कोडातला दोष ते शोधणार कसा?

दुखणे जुनेच आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीत कागद अडकणाऱ्या झेरॉक्स प्रिंटरचा कोड रिचर्ड स्टॉलमन यांना मिळाला नाही. जीपीएल पुढे त्यांनीच लिहिले. एन्व्हिडियासारख्या कंपनीनेही मे 2022 मध्ये ग्राफिक्स कार्डांची कर्नेल मॉड्यूल्स खुली केली.

आता खरेदीआधी आम्ही आतल्या चिपचे नाव विचारतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. ‘मॉडइन्फो’ ही आज्ञा दिली की मॉड्यूलच्या लायसन्सची ओळ समोर येते. विसर्जनानंतरच्या रविवारी घरातली गप्प पडलेली डोंगल, वेबकॅम घेऊन अभ्यासिकेत या. ते जुनाट डोंगल अजून चालू आहे, तेही दाखवू.