आमदारांना कार्ड लिहिताना

मैत्रिणींनो, मोर्चा निघतो, निवेदन दिलं जातं, फोटो निघतो आणि निवेदन फायलीत जातं. म्हणून आज कार्डाबद्दल बोलते.

२००८च्या आदेशाप्रमाणे गावातलं दारूचं दुकान बंद करायला आधी २५ टक्के बायांच्या सह्या लागतात. मग मतदानात, यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला. आता पुसद-उमरखेडकडच्या तांड्यांतल्या कितीतरी बाया ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्या आल्या नाहीत की त्यांचं मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखं! यावर तहसीलदाराशी भांडून उपयोग नाही. नियम सरकारचा, आणि सरकारला जाब विचारू शकणारे आमदार आपल्या जिल्ह्यात ७ आहेत.

आम्ही एकदा छापील मजकुराखाली सह्या घेऊन एका आमदारांना पाठवलं. उत्तर नाही. मग प्रत्येकीने ५० पैशांचं कार्ड स्वतः लिहिलं: यादीत बाया किती, मतदानाला किती, बाहेरगावी किती. जिला लिहिता येत नाही तिने सांगितलं, पोरीने लिहिलं, अंगठा तिचा. ‘दारूने वाटोळं झालं’ एवढंच लिहू नका, ते त्यांना पाठ आहे. मागणी एकच ठेवा: झालेल्या मतांतलं बहुमत धरा, यावर तारांकित प्रश्न विचारा. नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असतं, प्रश्नाची सूचना त्याआधी द्यावी लागते. म्हणून कार्ड दिवाळीआधी पेटीत पडलं पाहिजे.

हो, आणि नक्कल वहीत उतरवा. मत मागायला दारात आले की ती वही काढायची.