लोक म्हणजे कोण?

मैत्रिणींनो, लोकांना नको असलेला कायदा लोकशाहीचा कसा, असं आपल्याला विचारतात. हिंदू कोड बिलालाही कडाडून विरोध झाला. बिल रखडलं, १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं, त्याचं हे एक मोठं कारण. पण १९५२ च्या निवडणुकीत लोकांनी निवडलेल्या संसदेनेच १९५५-५६ मध्ये त्याचे चार कायदे चर्चा करून मंजूर केले. ही लोकशाहीच. त्यांतल्या वारसा कायद्याने मुलीला हिस्सा दिला.

वडील गेल्यावर भावांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. "मुलींना हिस्सा? गावात कुणाला पटतं?" मी सही केली. त्याच गावात मीही वाढले होते, पण मला काय पटतं हे कुणी विचारलं नाही.

विरोध मोजताना गप्प बसवलेल्यांनाही मोजा. आणि कायदा झाला म्हणून थांबू नका; तो घरोघरी पटवणं आपलंच काम आहे.