एचआयव्ही : उपचार आणि गावाची जबाबदारी

(जागतिक एड्स दिनानिमित्त नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



दिवाळी आटोपली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघतात आणि होळीला सातपुड्यात परततात. एचआयव्हीविषयी बोलताना ही वाट मी मुद्दाम आठवतो. स्थलांतर हे रोगाचे कारण नव्हे. परंतु औषधात खंड पडण्याचा धोका याच वाटेवर अधिक असतो.

१९८६ साली मद्रास येथे भारतातील पहिल्या लागणीचे निदान झाले, तेव्हा वैद्यकशास्त्राच्या हाती फारसे काही नव्हते. हा विषाणू शरीराच्या संरक्षक पेशी हळूहळू नष्ट करतो. मग क्षयासारखे रोग बळावतात. त्या अवस्थेस एड्स म्हणतात. ‘एचआयव्ही म्हणजे मरण’ ही समजूत त्या काळातील होय. १ एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केला आणि २०१७ पासून निदान होताच उपचार देण्याचे धोरण स्वीकारले. आज तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. वेळेवर उपचार सुरू करून ती नियमित घेणारी व्यक्ती शेती, नोकरी, संसार करीत दीर्घायुष्य जगू शकते. रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत न आढळण्याइतके घटून तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातून जोडीदारास लागण होत नाही. मात्र औषध विषाणूला समूळ नष्ट करीत नाही. गोळ्या थांबल्या की तो पुन्हा डोके वर काढतो.

असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त वा सुई आणि बाधित मातेकडून बालकास, हे लागणीचे मार्ग आहेत. एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने लागण होत नाही. निरोधचा वापर आणि निर्जंतुक सुई हे प्रतिबंधाचे साधे उपाय. उपचार न झाल्यास मातेकडून बालकास लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली येते. म्हणून प्रत्येक गर्भवतीची तपासणी लवकर व्हावयास हवी.

आता आपल्या जबाबदारीविषयी. कोणास लागण आहे हे शोधणे पंचायतीचे काम नव्हे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संमतीविना तपासणी करणे, एखाद्याची स्थिती उघड करणे, बाधित मुलास शाळेत नाकारणे या गोष्टींना त्याने मनाई केली आहे. गुपित फुटेल या भीतीने माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही आणि इथेच औषध हरते.

यास्तव तीन गोष्टी कराव्यात. मजूर निघण्यापूर्वीच्या ग्रामसभेत सर्वांनाच सांगावे, की नियमित औषधे घेणाऱ्यांनी प्रवासापूर्वी आपल्या उपचार केंद्राला भेट द्यावी. अधिक दिवसांच्या गोळ्यांची किंवा तिकडील केंद्राशी जोडून देण्याची सोय तेथे विचारता येते. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात आरोग्य विभागाच्या साहाय्याने भिली, पावरी, मावची बोलीत माहिती द्यावी. आणि शंका असणाऱ्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक सांगावा.

औषध शासनाने दिले आहे. ते निर्भयपणे घेता येईल असे गाव घडविणे आपल्या हाती आहे.