संशोधनाचा अर्ज आणि आपलीं मुलें

(विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यांत एका खेड्यांतील शिक्षकानें केलेलें भाषण)



पदवीनंतर संशोधनासाठीं पैसा कसा मिळवावा, या विषयावर बोला, असें सभेच्या चालकांनीं आम्हांस सांगितलें तेव्हां आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही खेड्यांतील शाळामास्तर. आमचें शिक्षण ट्रेनिंग कॉलेजापर्यंतचें. पीएच.डी. आम्हीं केलेली नाहीं, कीं कोणत्या विद्वत्परिषदेंत निबंध वाचलेला नाहीं. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींचे अर्ज आम्हीं पाहिले आहेत, कांहीं त्यांच्याजवळ बसून दुरुस्त केले आहेत, आणि त्यांतले बरेच नामंजूर होऊन परत आलेलेही पाहिले आहेत. ते कां परत आले, एवढें सांगण्यापुरता अधिकार आम्हांस आहे, असें समजून उभे राहिलों आहों.

पालक आम्हांस म्हणतात, "मास्तर, पोरगी एम.ए. झाली. आतां आणखी कसलें शिक्षण? आणि त्यासाठीं सरकारपुढें हात कशाला पसरायचे?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर मुलगीच देईल. दुसऱ्याचें आम्ही देतों.

विद्येसाठीं सार्वजनिक पैसा देण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. पेशवाईंत पुण्यास श्रावणांत दक्षिणा वांटली जाई, ती ब्राह्मण विद्वानांस मिळे. इंग्रजी अंमल आल्यावर त्याच निधींतून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा चालूं झाली, आणि पुढें मराठी ग्रंथांस बक्षिसें देणारी दक्षिणा प्राइज कमिटी निघाली. हा पैसा आभाळांतून पडला नव्हता. सारा भरणाऱ्या कुणब्याच्या घामांतून तो आला होता. तेव्हां आपल्या मुलानें त्यांतला वांटा मागितला तर त्यास भीक कोण म्हणेल?

मागणाऱ्यास नकारही मिळतो. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक त्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविलें. विद्या नसल्यामुळें शेतकरी कसा नाडला जातो, हें त्यांत दाखविलें होतें. कमिटीनें तें नापसंत केलें. जोतीराव थांबले नाहींत. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं शिष्यवृत्त्यांचीच गोष्ट काढली. ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधींच लागली आहे त्यांनाच शिष्यवृत्त्या मिळतात, नुसत्या चढाओढीनें त्या देणें दिसायला न्यायाचें असलें तरी त्यानें इतर वर्गांत शिक्षण पसरत नाहीं, म्हणून जेथें शिक्षण पोंचलेंच नाहीं अशा वर्गांसाठीं कांहीं शिष्यवृत्त्या राखाव्या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आज निरनिराळ्या समाजांसाठीं ज्या योजना आहेत त्यांच्या मुळाशीं हा विचार आहे.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति तीन वर्षांसाठीं दिली, आणि १९१३ सालीं ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. पुढें लंडनला अभ्यास चालू असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ सालीं अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावें लागलें. एवढ्या बुद्धीचा पुरुष, पण पैसा संपल्याबरोबर त्याचेंही काम थांबलें! नंतर त्यांनीं मुंबईस सिडनेहॅम कॉलेजांत नोकरी करून पैसे सांठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानें पांच हजार रुपये उसने दिले, तेव्हां १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले आणि १९२३ सालीं डी.एस्सी. झाले. १९२५ सालीं त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ छापला गेला, तो त्यांनीं सयाजीरावांच्या मदतीची आठवण ठेवून त्यांसच अर्पण केला. घेतलेल्या पैशाची परतफेड विद्वानानें अशी करावयाची असते. लाजून करावयाची नसते.

आतां आजचें पाहूं. नेट परीक्षेंत वरच्या गुणांनीं निवडल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये अशी झाली. समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांसाठीं १९६९ सालीं स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. आपल्या राज्यांत पुण्यास बार्टी व सारथी, नागपुरास महाज्योती, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. अटी, वय व मुदत दर वेळच्या जाहिरातींत स्वतः वाचावीं. अमक्यानें सांगितलें म्हणून चालूं नये.

योजना आहेत, तरी आपलीं मुलें मागें कां राहतात? आमच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों म्हणजे कळेल.

आमचा मुलूख पांझरेच्या कांठचा. आमच्याकडे फडाची बागायत पिढ्यान् पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडांत यंदा कोणतें पीक घ्यावयाचें हें गांवानें मिळून ठरवावयाचें, आणि पाटकऱ्यानें पाळीपाळीनें पाणी द्यावयाचें. या मुलीचा बाप पाटकरी. मुलगी एम.ए. झाली आणि तिनें संशोधनाच्या मदतीसाठीं एका संस्थेकडे अर्ज केला. विषय लिहिला, "महाराष्ट्रांतील सिंचनाचा इतिहास". अर्ज नामंजूर झाला.

ती रडत आमच्याकडे आली. आम्हीं अर्जाची नक्कल वाचली. चार पानें होतीं. पहिलीं दोन पानें पाण्याचें महत्त्व सांगण्यांत गेलीं होतीं. पाण्यावांचून जीवन नाहीं, हें त्या निवडसमितीला ठाऊक नव्हतें काय? आम्हीं विचारलें, "बाई, तुझा बाप पाटकरी आहे, तूं लहानपणीं त्याच्याबरोबर रात्रीं पाटावर जात होतीस, हें यांत कोठें आहे?" ती खालीं मान घालून म्हणाली, "गुरुजी, तें कसें लिहूं? तिथें सगळे मोठे लोक असतात. हंसतील."

बंधूंनो, त्या दिवशीं आम्हांस फार वाईट वाटलें. जें ज्ञान शहरांतल्या संशोधकास दोन वर्षें हिंडूनही मिळावयाचें नाहीं तें तिच्या घरांत होतें, आणि तेंच तिनें लाजेनें लपविलें. तिला अशी लाज शिकविण्यांत आम्हां शाळामास्तरांचाही हात असेल, हें आम्ही कबूल करितों.

आम्हीं तिला म्हटलें, "आपण याचें पाठाचें टाचण काढूं." ट्रेनिंग कॉलेजांत आम्हांस एक गोष्ट पक्की शिकविली होती, ती म्हणजे वर्गांत शिरण्यापूर्वीं टाचण काढणें. संशोधनाचा अर्ज म्हणजे मोठें टाचणच. त्याचीं सहा अंगें ध्यानांत ठेवा.

पहिलें, उद्देश. विषय आणि प्रश्न हीं दोन निराळीं आहेत. "सिंचनाचा इतिहास" हा विषय झाला. "पांझरेवरील एका बंधाऱ्याखालीं पाणी कमी पडलें त्या वर्षीं पाळीचे तंटे कोणीं आणि कोणत्या नियमानें मिटविले?" हा प्रश्न झाला. ज्या वाक्याच्या शेवटीं प्रश्नचिन्ह देतां येतें आणि ज्याचें उत्तर ठरलेल्या मुदतींत शोधतां येतें, तेंच वाक्य अर्जाच्या आरंभीं घाला.

दुसरें, पूर्वज्ञान. या प्रश्नावर आजवर कोणीं काय लिहिलें, आणि त्यांत काय राहून गेलें, हें थोडक्यांत सांगा. दहा नांवांची माळ ओवूं नका. तीन ग्रंथ नीट वाचा आणि त्यांच्यापुढें आपलें पाऊल कोठें पडणार तें लिहा.

तिसरें, साहित्य. उत्तर कशांतून मिळणार? पंचांच्या वह्या, तहसील कचेरींतील जुने कागद, पाटबंधारे खात्याचीं दप्तरें, म्हाताऱ्या पाटकऱ्यांच्या मुलाखती. तीं तुमच्या हातीं कशीं लागणार, हेंही लिहा. येथेंच त्या मुलीनें आपल्या बापाचा धंदा लिहावयाचा होता. भाषा येते, माणसें ओळखतात, घरांत घेतात, ही तुमची लायकी आहे. ती ठसठशीत लिहा.

चौथें, पद्धत. किती गांवें, किती माणसें, काय विचारणार, नोंद कशी ठेवणार.

पांचवें, वेळ. महिन्यांचें कोष्टक काढा. ऊंसतोडीच्या हंगामांत माणसें गांवांत नसतात, हें शहरांतल्या मुलाच्या ध्यानांत येणार नाहीं, तुमच्या यावें.

सहावें, खर्च. येथें आपलीं मुलें दोन चुका करितात. एक भिडेखातर फारच कमी मागतो, दुसरा मोघम मोठा आंकडा टाकतो. बारा फेऱ्या, दर फेरीस एस.टी.चें भाडें इतकें, दोन मुक्काम इतके, कागदांच्या नकला इतक्या, असें एक एक कलम मांडा. बाजाराच्या हिशेबासारखा हिशेब दिसला म्हणजे देणाऱ्याचा विश्वास बसतो.

यानंतर दाखले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमी लेयर. जाहिरात निघाल्यावर सेतू केंद्रावर धांवूं नका. दरसालीं जें काढावें लागतें तें वर्षाच्या आरंभींच काढून एका पिशवींत ठेवा. सर्व कागदांवर नांव एकाच तऱ्हेनें लिहिलें आहे कीं नाहीं तें पाहा. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांस महिनाभर आधीं भेटा आणि अर्जाची नक्कल त्यांच्या हातीं द्या, म्हणजे "विद्यार्थी होतकरू व सुशील आहे" एवढ्या एका ओळीवर तुमची बोळवण होणार नाहीं. संगणकावर अर्ज भरावयाचा असेल तर शेवटच्या रात्रीवर टाकूं नका, आणि पोंच छापून ठेवा.

परिषदांविषयीं दोन शब्द. संशोधन घरांत बसून पुरें होत नाहीं. आपलें म्हणणें जाणत्यांपुढें मांडावें लागतें, त्यांचे आक्षेप ऐकावे लागतात. परिषदेचें निमंत्रण आलें कीं निबंधाचा गोषवारा मुदतींत पाठवा. तो मान्य झाला तर प्रवेशशुल्कांत सवलत, राहण्याची सोय व प्रवासखर्च मिळेल काय, असें स्पष्ट पत्र घाला. आपल्या विद्यापीठांतही चौकशी करा. न विचारणाऱ्यास कोणी बोलावून देत नाहीं. आणि मातापित्यांनो, मुलगी निबंध वाचण्यास परगांवीं जाते म्हणाली तर "सोबतीला कोण?" एवढेंच विचारून तिचें पाऊल अडवूं नका. सोबत तुम्हीच जा. लेक चार लोकांपुढें बोलतांना पाहाल तर तुमचाही जन्म सार्थकीं लागेल.

दोष सगळा आपल्याच मुलांचा आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. मंजूर झालेला पैसा वेळेवर हातीं पडत नाहीं, ही तक्रार आम्हीं अनेक मुलांच्या तोंडून ऐकली. केंद्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तींतून भारताची संस्कृति, इतिहास व समाज यांवरील संशोधनाचे विषय २०२२ सालच्या नियमांनीं वगळले गेले. ज्या मुलांच्या पूर्वजांस इतिहासांत जागा मिळाली नाहीं, त्यांनीं परदेशीं जाऊन दुसरें कांहींही शिकावें, आपल्या समाजाचा अभ्यास मात्र करूं नये, हा कोठला न्याय? अशा नियमांविरुद्ध सभांतून व वर्तमानपत्रांतून बोललें पाहिजे. परंतु नियम बदलेपर्यंत अर्ज करणें सोडूं नये. जोतीरावांनीं नाटक नाकारलें गेल्यावर लेखणी ठेविली असती तर पुढचें कांहींच घडलें नसतें.

त्या मुलीनें दुसऱ्या वर्षीं नवा अर्ज केला. पहिल्याच पानावर लिहिलें, "माझे वडील पाटकरी आहेत." अर्ज मंजूर झाला. रक्कम मागितली होती त्याहून कमी मिळाली, पण काम सुरूं झालें. मात्र गांवांतला सर्वांत जुना पाटकरी, ज्याला दुष्काळी सालांतले सगळे तंटे तोंडपाठ होते, तो मधल्या हिवाळ्यांत वारला. त्याची मुलाखत राहिली ती राहिलीच. एक अर्ज वाईट लिहिला गेला त्याची एवढी किंमत पडली.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. प्रत्येक गांवच्या शाळेंत एक वही ठेवावी. तींत कोणत्या योजनेची जाहिरात कोणत्या महिन्यांत निघाली, काय कागद लागले, कोणाचा अर्ज कां मंजूर वा नामंजूर झाला, हें लिहावें, म्हणजे पुढच्या मुलास पहिल्यापासून ठेंचा खाव्या लागणार नाहींत. आणि जत्रेच्या वर्गणींतून थोडा पैसा बाजूस काढून ठेवावा. छात्रवृत्तीचा हप्ता लांबला तर त्यांतून मुलास बिनव्याजी उसना द्यावा, आणि हप्ता येतांच त्यानें तो परत भरावा. एका भथेनाशेटनें जें केलें तें अख्ख्या गांवास जड कां जावें?

वही आम्हीं आमच्या शाळेंत घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या मुलीचे दोन्ही अर्ज, नामंजूर झालेला आणि मंजूर झालेला, शेजारीं शेजारीं चिकटविले आहेत. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनीं कोणत्याही दिवशीं शाळा सुटल्यावर यावें. आम्ही दिवेलागणीपर्यंत तेथेंच असतों.