जखमेवरचा मांडव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या माहेरी शेजारच्या एका काकूंचा पदर चुलीवर पेटला होता. जीव वाचला, जखमही भरली. पण मान ओढली जाऊन हनुवटी छातीला टेकली. जखम भरूनही असे का व्हावे, हे कोडे मला पुष्कळ वर्षे सुटले नव्हते.

आपल्या कातडीचे दोन थर असतात. वरचा पातळ थर पुन्हा येतो. खालचा जाड थर मुळापासून जळाला, की शरीर तो नव्याने घडवीत नाही. जखमेच्या कडा आवळून व्रणाने जागा बुजवते. काकूंची मान त्या आवळण्यातच ओढली गेली. अंगावरची दुसरी कातडी काढून लावता येते. पण निम्मे अंग भाजले, तर ती आणायची कोठून?

अमेरिकेत बॉस्टनचे शल्यविशारद डॉ. जॉन बर्क आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे प्रा. यान्नास यांनी यावर उपाय शोधला. कारल्याच्या वेलाला आपण मांडव घालतो ना? तसाच मांडव त्यांनी जखमेला घातला. गुरांच्या कंडरेतील कोलॅजन आणि शार्क माशाच्या कूर्चेतील एक द्रव्य एकत्र गोठवायचे, मग निर्वात जागी त्यातला बर्फ उडवून द्यायचा. बर्फाच्या जागी बारीक छिद्रे उरतात. वर सिलिकोनचा पातळ पडदा असतो. त्याने अंगातली ओल टिकते आणि जंतूंना अटकाव होतो. रक्तवाहिन्या व पेशी त्या छिद्रांत शिरून आपला थर विणतात आणि मांडव हळूहळू विरून जातो. दोनतीन आठवड्यांनी पडदा काढून रुग्णाच्याच कातडीचा अगदी पातळ पापुद्रा वर लावतात.

१९८१ साली त्यांनी दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे अंग ५० ते ९५ टक्के भाजलेले होते. १९९६ साली अमेरिकन सरकारने या उपायाला मान्यता दिली. मात्र या नव्या कातडीला घाम येत नाही, केस उगवत नाहीत. जंतू शिरले तर मांडव वाया जातो. आणि खर्च मोठा.

म्हणून जे आपल्या हाती आहे ते आधी करू या. भाजले की वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडा. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. जखम मोठी वा खोल असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून तडक रुग्णालय गाठा. लाजेकाजेस्तव दुखणे लपवू नका. आणि भगिनींनो, शेगडीपाशी पदर खोचून घ्या.

काकूंच्या वेळी हे सांगणारे कोणी नव्हते. आज आपण इतक्या जणी आहोत.