परमुलखातले पहिले वर्ष



हलके धान कापून झाले, भारी अजून बांधीत उभे आहे. या मधल्या चार दिवसांच्या सवडीत तुम्ही अड्याळकर एवढ्या संख्येने आलात, म्हणून विषयही जड घेतलेला नाही. सेवा करायला दुसऱ्या देशात गेलेल्या माणसाचा रोजचा दिवस कसा जातो, एवढेच मला सांगायचे आहे. तो कुठे निजतो, काय खातो, त्याचे पोट बिघडले तर काय करतो, बोललेले समजत नसेल तेव्हा कुणाकडे बघतो. सेवेची थोरवी इथे याआधी पुष्कळ वक्त्यांनी गायली असेल, ती मी सोडून देतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. परमुलखात सेवेला गेलेला माणूस पहिले वर्षभर सेवा करत नाही, करून घेतो. त्याला कुणीतरी शिजवून घालते, कुणीतरी रस्ता दाखवते, तापात कुणीतरी उशाशी बसते. गावावर तो भार असतो. हे ज्याला कळते त्याच्या हातून पुढे काहीतरी होते. ज्याला कळत नाही तो फोटो घेऊन परत जातो.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण घेऊ. मॅडेलिन स्लेड ही इंग्रज आरमारातल्या ॲडमिरलची मुलगी. वडील मुंबईत नेमणुकीवर असताना ती इथे राहून गेलेली होती. पण तो हिंदुस्थान मेजवान्यांचा होता. पुढे रोमाँ रोलाँचे गांधीजींवरचे पुस्तक वाचून तिने जहाजाचे तिकीट काढले आणि मग स्वतःच थांबली. आपण अजून तिथे राहण्याच्या लायकीच्या नाही, हे तिचे तिलाच जाणवले. एक वर्ष तिने घरीच तालीम केली. जमिनीवर मांडी घालून बसणे, जमिनीवरच झोपणे, मांसाहार सोडणे, सूत कातणे, भाषेचे धडे. मांडी घालून बसण्याची तालीम ऐकून इथल्या आजीबाई हसल्या. त्यांनी जरूर हसावे. पण खुर्चीत वाढलेल्या माणसाच्या गुडघ्यांना विचारा. नोव्हेंबर 1925 मध्ये ती साबरमतीला पोचली आणि मीराबेन झाली.

1935 मध्ये गांधीजी वर्ध्याला मगनवाडीत राहत होते. जवळच्या सिंदी गावात आश्रमातली माणसे सकाळी बादल्या घेऊन रस्त्यावरची घाण उचलायला जात. मीराबेन पुढे तिथेच राहायला गेली आणि नंतर शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. हे गाव जमनालाल बजाजांच्या मालगुजारीतले. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी तिथे गेले, त्याआधी मीराबेन तिथे होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकायचे, म्हणून 1940 मध्ये नाव बदलले.

आता तिचा दिवस डोळ्यांसमोर आणा. ती शिकून आली होती हिंदुस्थानी, आणि गावातल्या बाया बोलत होत्या आपली वऱ्हाडी वळणाची मराठी. वर्षभराची तालीम तिथे अर्धी कुचकामी. घाण उचलणाऱ्या गोऱ्या बाईकडे लोक बघत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसत. गावाचा यात दोष काढू नका. तुमच्या अंगणात उद्या एखादी परदेशी बाई खराटा घेऊन आली, तर तुम्ही आधी काय म्हणाल? ‘हिला कुणी पाठवलं?’ असेच ना? वर हिवतापाचा मुलूख. ती वारंवार आजारी पडली, विषमज्वरही झाला आणि गावाची शुश्रूषा करायला आलेल्या बाईची शुश्रूषा इतरांना करावी लागली.

तरी तिच्या हातचे एक काम आजही उभे आहे. सेवाग्रामला गेलात तर बापूकुटीच्या भिंतीवर मातीत उठवलेली ताडाची झाडे दिसतील. ती कुटी मुळात मीराबेनची, आणि ते मातकामही तिचेच. शेणामातीची भिंत, बांबू, कवेलू हे सगळे ती तिथल्या माणसांकडून शिकली. मला घाण उचलण्यापेक्षा या भिंतीत तिचे सेवाग्राम जास्त दिसते. गाव बदलायला निघालेली बाई गावाकडून भिंत लिंपायला शिकली.

दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे, आणि त्यात नागपूरचाही वाटा आहे. चीनवर जपानने हल्ला केल्यावर सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले. प्रमुख डॉ. अटल, स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. उपप्रमुख नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि सोलापूरचे, अठ्ठावीसही पूर्ण न झालेले द्वारकानाथ कोटणीस. कोटणिसांचे नाव शाळेत ऐकलेले असते. चोळकरांचे इथे किती जणांना माहीत होते? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

कोटणिसांवर व्ही. शांताराम यांनी 1946 मध्ये चित्रपट काढला. चित्रपटाला लढाई लागते, प्रेम लागते. मला मात्र त्यांची चूल आणि बिछाना महत्त्वाचा वाटतो. पथक जिथे पोचले त्या येनानमध्ये पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहांमध्ये माणसे राहत. उत्तर चीनच्या खेड्यात निजायला कांग असतो, म्हणजे मातीचा ओटा, ज्याच्या पोटातून चुलीची धग फिरते. ताटात राळ्याची पेज. भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या माणसाला ती चालली असेल; अड्याळच्या भात खाणाऱ्याला आठवड्यात नकोशी होईल. बाहेर कडाक्याची थंडी, अंगात कापूस भरलेला कोट, आणि त्या कोटात उवा. घरून पत्र येईल तेव्हा येईल. वडील वारल्याची बातमी कोटणिसांना तिकडेच कळली. ते परतले नाहीत.

त्यांनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट शस्त्रक्रिया नव्हे, कारण ती ते मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकूनच गेले होते. अवघड होते चिनी बोलणे, मग लिहिणे, आणि मग त्या भाषेत शिकवणे. जानेवारी 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ज्यांच्या नावाने ते रुग्णालय होते ते कॅनडाचे नॉर्मन बेथून 1939 मध्ये, शस्त्रक्रिया करताना झालेल्या जखमेतून रक्त दूषित होऊन गेलेले. जवळच्या वैद्यकीय शाळेतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी कोटणीस शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते. ज्याला दोन वर्षांपूर्वी मीठ मागता येत नव्हते, तो आता त्यांच्या मुलांना शिकवत होता. 1941 मध्येच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांचे लग्न झाले. 1942 च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, आणि 9 डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले.

तिसरे उदाहरण जवळचे. नागपूरला इंदोऱ्यात राहणारे भदंत सुरई ससाई हे जपानचे. 1960 च्या दशकात ते नागपुरात आले, पुढे भारताचे नागरिक झाले. आपल्या पवनीजवळ रुयाडच्या स्तूपावर जपानी पाहुणे येतात, ते तुम्ही पाहता. पाहुणा आणि ससाई यांच्यात फरक राहण्याचा आहे. तो सांगायला वेगळे व्याख्यान लागेल.

हल्ली नागपूर-पुण्याच्या कॉलेजांतली मुले सुट्टीत सहा आठवडे इजिप्तला जातात, स्वयंसेवक म्हणून. मला त्यांचे कौतुक आहे, आणि थोडी शंकाही. पुस्तकातली अरबी शिकून गेलात तर कैरोच्या बाजारात दुसरीच अरबी कानावर पडते. मीराबेनची जी गत शेगावात झाली तीच. सकाळी फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि गव्हाची फुगीर रोटी. सुट्टी शुक्रवारी. रमजानात दिवसभर शेजारी रोजा धरून असतात, तेव्हा आपण डबा उघडायचा कुठे, हेही कुणी शिकवलेले नसते. सहा आठवड्यांत एवढे समजले तरी पुष्कळ. ज्या शाळेत ती मुले काम करतात तिचा फायदा किती झाला, हे मात्र त्या शाळेला विचारायला हवे. प्रमाणपत्र मुलांच्या हातात असते, शाळेच्या नाही.

शेवटी पुन्हा चीनकडे वळतो. ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिकडे गेलेल्या त्या पथकावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, न परतलेल्या एकाबद्दल. परतलेल्या चौघांपैकी डॉ. बसूंचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. 1943 मध्ये ते मायदेशी आले. 1958 च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, या वेळी विद्यार्थी म्हणून. तिथे त्यांनी सुया टोचून करायचा उपचार, ॲक्युपंक्चर, शिकून घेतला आणि कलकत्त्याला परत येऊन त्यानेच रोगी तपासायला सुरुवात केली. बंगालात आज ही विद्या शिकवणारे आपली सुरुवात बसूंपासून मोजतात.